लव्हाळ्यावरचं औषध

नाना गुडघे टेकून बसले तेव्हा गवतावरचं दव अजून सुकलं नव्हतं. दक्षिणेकडच्या फुटबॉलच्या गोलखांबांपासून दहाएक पावलांवर, आदल्याच दुपारी यंत्र फिरवून एकसारख्या केलेल्या हिरवळीतून काही पाती वर आली होती. बाकीचं गवत कापलं तेवढंच होतं आणि ही मात्र रात्रीतून बोटभर वाढलेली. रंगही निराळा, पिवळसर पोपटी, तेलाचा हात फिरवल्यासारखा चकचकीत. नानांनी एक दांडी चिमटीत धरून फिरवली. ती नीट फिरेना; बोटांना तीन कडा लागल्या.

"आलास का बाबा तू," नाना स्वतःशीच म्हणाले.

लव्हाळा. सत्तावीस वर्षं त्यांनी त्या क्रीडासंकुलाचं मैदान सांभाळलं होतं आणि सत्तावीस वर्षं या एका पाहुण्याला कुंपणाबाहेर ठेवलं होतं. त्यांनी खुरप्याने अलगद माती बाजूला केली. वीतभर खाली काळपट, शेंगदाण्याएवढी गाठ निघाली. गाठीतून दोऱ्यासारखं मूळ आडवं गेलं होतं, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुढे तिसरी. पाचव्या गाठीनंतर नानांनी खुरपं ठेवलं आणि माती होती तशी दाबून टाकली. हा दोरा तुटला की झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक उपटावा तर आठवड्याने चार उभे.

तो कुठून आला हे कळायलाही वेळ लागला नाही. त्या कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून नव्या व्यवस्थापकांनी दोन महिन्यांपूर्वी सहा ट्रक माती मागवली होती. नाना तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते. परत आले तोवर माती पसरून, वर गवत लावूनही झालं होतं. कुठल्या शेतातली माती, कुणी पाहून घेतली, विचारायची सोय नव्हती.

नाना म्हणजे मैदानाचे मुख्य माळी. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना नानाच म्हणायची. हिरवळ हा त्यांचा एकुलता एक शौक आणि एकुलती एक खोड. "चहा अंगावर सांडला तर हूं की चूं नाही," त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पण त्या गवतावर कुणी बूट घासला की त्या दिवशी घरी धड जेवण नाही." निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मैदान जसं हातात आलं त्यापेक्षा चांगलं करून द्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पंधरा दिवसांत पोपटी ठिपके गोलखांबांपासून कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पसरले. मग साहेबांचं बोलावणं आलं.

व्यवस्थापक साहेब कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना आपण नेमकं काय कबूल करून आलो, ते माणसाला जिन्यात कळायचं.

"नाना, मोठा सामना दोन महिन्यांवर आला," साहेब म्हणाले. "आकाशातून मैदानाचे फोटो काढणार आहेत. त्या कोपऱ्यात डाग दिसतात, असं माझ्या कानावर आलंय."

"लव्हाळा आहे साहेब. मातीतून आला."

"कुठून आला ते सोडा. जाणार कधी?"

"तो असा जात नाही. कोवळा असताना औषध मारायचं, मग थांबायचं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. खालच्या गाठी थकल्या पाहिजेत. दोन हंगाम तरी धरा."

साहेब हसले. "दोन हंगामांनी मी इथे असेन की नाही, कुणास ठाऊक. तुम्ही तर नसालच." त्यांनी टेबलाखालून एक पांढरा कॅन काढून पुढे सरकवला. "हे नवीन आहे. लव्हाळाही मारतं, रुंद पानांचं तणही मारतं. गवताला धक्का लावत नाही. बघा काय ते."

कॅनला घडीचा कागद चिकटवलेला होता. उलगडला तर हातरुमालाएवढा झाला आणि त्यावर मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी बारीक अक्षरं. ऑपरेशननंतर नानांचा नवा चष्मा अजून यायचा होता. वर ठळक छापलेलं मात्र त्यांना वाचता आलं: पंपाला औषध किती घालायचं, आणि एकदा मारल्यावर सहा आठवडे पुन्हा मारायचं नाही. बाकीचं नंतर कुणाकडून तरी वाचून घेऊ, असं म्हणून त्यांनी कागदाची परत घडी घातली.

पहिली फवारणी त्यांनी अगदी पुस्तकी केली. दोन दिवस आधी यंत्र बंद. सकाळी वारा पडलेला पाहून पाठीवर पंप घेतला, पाण्यात निळा रंग टाकला म्हणजे कुठे मारलं, कुठे राहिलं ते दिसावं, आणि कोपऱ्यापासून मागे मागे चालत एकेक पट्टा पुरा केला. औषधाला ओल्या दोरखंडासारखा वास होता. तो वास दुपारपर्यंत त्यांच्या शर्टाला राहिला. पुढचे दोन दिवस पुन्हा यंत्र बंद. मग थांबायचं.

थांबणं नानांना जमायचं; साहेबांना जमत नव्हतं. ते रोज संध्याकाळी हात मागे बांधून मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी येऊन उभे राहायचे. आठव्या दिवशी लव्हाळ्याची पाती किंचित फिकटली, दहाव्या दिवशीही तेवढीच. बाराव्या दिवशी साहेब म्हणाले, "नाना, नदीपलीकडच्या क्लबातला माणूस बोलवू का? तो म्हणे अशा कामात तरबेज आहे. तुमचाही भार हलका होईल."

वार नानांच्या वर्मी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अवजारांच्या खोलीत गेले, मापाच्या पेल्यात खुणेपर्यंत औषध ओतलं, आणि हात थांबला नाही. खुणेच्या वर आणखी निम्मं गेलं. सहा आठवडे थांबायचं हे ठळक अक्षरांतलं वाक्य त्यांनी स्वतः वाचलेलं होतं. तरी त्यांनी पंप पाठीवर घेतला आणि पुन्हा सगळा कोपरा, आणि 'झालंच आहे तर' म्हणून अर्धं मैदान, भिजवून काढलं.

या वेळी आठवड्याच्या आत लव्हाळा बसला. आधी टोकं करपली, मग पाती तपकिरी होऊन लोळली, आणि खालून गवत हिरवंगार, जणू काही झालंच नाही. साहेबांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. मैदानावर सराव करणारी पोरं टाळ्या वाजवून गेली. नानांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. इतकं बरं की दर दोन-तीन दिवसांनी यंत्र फिरवायला ते स्वतः बसायला लागले.

कापलेलं गवत जायचं कुठे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. मैदानाच्या मागच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक लाकडी झडपेची खिडकी होती. पलीकडे नानांच्या धाकट्या बहिणीची रोपवाटिका. नवरा गेल्यावर तिने अर्ध्या एकरात सुरू केली आणि आता आसपासच्या वीस गावांतले भाजीवाले शेतकरी टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं तिच्याकडून नेत. लोक तिला रोपवाल्या बाई म्हणत. नानांनी झडपेवर दोन टकटक केल्या की पलीकडून आवाज यायचा, "आण दादा!" आणि गवताची पोती भिंतीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जायची. ती ते गवत पिशव्यांतल्या रोपांच्या बुडाशी पातळ पसरायची, ओल टिकते म्हणून. उरलेलं खताच्या ढिगात. तिचं खतही नावाजलेलं होतं. घरापुरती झाडं लावणारी माणसं येऊन पोतं-पोतं घेऊन जात.

त्या दोन आठवड्यांत चौदा पोती खिडकीतून गेली.

मग एका सकाळी टकटक पलीकडून झाली. नानांनी झडप उघडली. बहिणीच्या तळहातावर टोमॅटोचं एक रोप होतं.

"दादा, हे बघ जरा. तुला काय दिसतं?"

रोपाचा शेंडा पिळला होता, ओलं फडकं पिळावं तसा. पानं रुंद व्हायच्या ऐवजी दोरीसारखी लांब, अरुंद होऊन आत वळलेली.

"बोकड्या असेल," नाना म्हणाले. पानं चुरडून टाकणाऱ्या रोगाला शेतकरी बोकड्याच म्हणतात.

"मलाही तेच वाटलं. तो पसरवणारी पांढरी माशी शोधली, एक नाही. आणि बोकड्या असा सगळीकडे एकदम येतो का रे? काल दहा होती, आज शंभर आहेत."

"येईल आटोक्यात," नाना म्हणाले आणि झडप लावून घेतली. त्या क्षणी त्यांच्या मनात काही नव्हतं. निदान पुढे ते बायकोला असंच सांगत राहिले.

चार दिवसांत शंभराचे हजार झाले. ज्या शेतकऱ्यांनी रोपं आधीच नेली होती तेही यायला लागले, एकेक जण हातात एकेक पिळलेला शेंडा घेऊन. रोपवाटिकेच्या फाटकापाशी सकाळपासून माणसं उभी असायची. कुणी भांडत नव्हतं, हे जास्त वाईट होतं. शेंडा पुढे करायचे आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचे. बहीण रोज आजारी रोपं उपटून जाळायची. भिंतीवरून धूर मैदानावर यायचा आणि खेळणारी पोरं डोळे चोळायची.

या हंगामात तिने टोमॅटोचं बियाणं बदललं होतं. बसथांब्याजवळ चाळीस वर्षं दुकान असलेले एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना बीवाले काका म्हणायचे, त्यांच्याकडून नवं वाण घेतलं होतं. झालं. बोलता बोलता सगळ्यांचं एकमत झालं की बियाणंच खोटं. दोघातिघांनी उरलेली पाकिटं काकांच्या गल्ल्यावर नेऊन आपटली. एकाने भर दुकानात त्यांना नको ते ऐकवलं.

काका स्वतः रोपवाटिकेत आले. नाना त्या दिवशी बहिणीला हातभार लावायला फाटकातून आत गेले होते. काका उकिडवे बसून एकेक रोप निरखत होते. बराच वेळ गेला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बाई, माझ्या बियाण्यात असं कधी झालेलं नाही," ते म्हणाले. "पण झालंच असेल, तर मी नाही म्हणून अंग काढून घेणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल ते सांगतो."

नानांना तिथे उभं राहवेना म्हणून ते रोपांच्या रांगांतून चालत सुटले. पहिल्या रांगेपासून सातव्या रांगेपर्यंत सगळी रोपं पिळलेली. आठवी रांग नळाजवळची. ती सरळ होती. पान न् पान सपाट, टवटवीत, शेंडे ताठ.

नाना थांबले. बुडाशी पाहिलं. सात रांगांच्या बुडाशी वाळून करडं पडलेलं गवत पसरलेलं होतं. आठवीला उघडी माती होती.

"ही का सोडलीस?" त्यांनी विचारलं.

"कुठली? ती होय," बहीण लांबूनच म्हणाली. "नळाजवळ आपसूक ओल राहते. तिथे गवत कशाला?"

नाना सरळ अवजारांच्या खोलीत गेले. कॅनवरचा कागद ओढून काढला, खिशात कोंबला आणि भर दुपारी घरी आले. बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. त्यांनी कागद तिच्यापुढे उलगडला.

"तुझा चष्मा लाव आणि हे वाच. सगळं."

"अहो, आत्ता? हात ओले आहेत माझे."

"पूस आणि वाच."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुसले. एकेका ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. हातमोजे घाला, डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा, वारा असताना मारू नका. नाना खिडकीबाहेर पाहत होते. मग तिचा वाचण्याचा वेग मंदावला.

"'फवारलेल्या हिरवळीचं कापलेलं गवत भाजीपाला, फुलझाडं वा फळझाडांच्या बुडाशी पसरू नये. खतासाठी वापरू नये. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा यांना...'" ती थांबली. "पुढे वाचू?"

"वाच."

"'...अत्यल्प मात्रेनेही गंभीर इजा होते. असं गवत कुजल्यानंतरही औषधाचा अंश अनेक महिने टिकू शकतो.'" तिने चष्मा काढला. "अहो, तुम्ही पोती दिलीत का तिला?"

नाना कागदाची घडी घालू लागले.

खरं तर त्याच पावली परत जाऊन सांगायला हवं होतं. नाना उठलेही. पण बायको म्हणाली, "आधी खात्री करून घ्या. उगाच नसतं बालंट अंगावर ओढून घेऊ नका," आणि नाना बसले. बुडत्याला हवा असतो तसा हात त्यांना मिळाला होता. खात्री करायची. बरोबरच होतं ते. त्यांनी सहा पेले घेतले, सहांत कुंडीतली माती भरली, तीन पेल्यांत मैदानावरच्या गवताचा चुरा मिसळला, प्रत्येकात घेवड्याचे दोन दाणे पेरले आणि खिडकीत रांगेने मांडले.

सहाव्या दिवशी सगळे उगवले. सगळे सरळ. नाना त्या दिवशी शीळ घालत कामावर गेले. आठव्या दिवशीही सगळे सारखे. नववा, दहावा. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते खिडकीशी जायचे. बायको मागून विचारायची, "काय?" आणि ते म्हणायचे, "अजून काही नाही."

या दिवसांत ते बहिणीकडे रोज जात. आज सांगू, असं ठरवून जायचे आणि दुसरंच बोलून परत यायचे. एकदा ती नव्या पेरणीसाठी माती कालवत होती. खताच्या ढिगाला फावडं लावणार तेवढ्यात नाना म्हणाले, "ते नको वापरूस."

"का रे?"

"कच्चं वाटतंय."

"दादा, खत मला शिकवतोस?" ती हसली. किती दिवसांनी हसली होती. "हात घालून बघ, लोण्यासारखं झालंय. जुन्या ढिगात मिसळलं ना, भराभर मुरतं." मग त्यांचं तोंड पाहून म्हणाली, "बरं बाबा, तुझं खरं. या वेळी नुसत्या मातीत पेरते. खत काय, लोक नेतातच."

लोक नेतातच. हे शब्द नानांच्या कानावरून गेले आणि त्यांनी ते जाऊ दिले.

अकराव्या दिवशी तीन पेल्यांतल्या घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळली. बाराव्या दिवशी देठ पिळले. उरलेले तीन पेले शेजारी हिरवेगार, सरळ उभे होते.

बायको त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"जा," ती म्हणाली.

नाना सहाही पेले एका खोक्यात घालून निघाले. रोपवाटिकेत त्या दिवशी दहा-बारा शेतकरी जमले होते, बीवाले काकाही होते. एका धिप्पाड शेतकऱ्याने कागद लिहून आणला होता: बियाणं सदोष होतं, मी कबूल करतो. काकांनी सही करावी म्हणून तो टेबलावर ठेवला होता आणि काका खिशात पेन चाचपत होते. बहीण मान खाली घालून उभी होती.

"थांबा काका," नाना म्हणाले. "सही करू नका."

त्यांनी पेले टेबलावर मांडले, तीन इकडे, तीन तिकडे. आणि सांगितलं. पहिली फवारणी, दुसरी, मापाच्या वर ओतलेलं, पोती, न वाचलेला कागद. एकही गोष्ट साहेबांवर ढकलली नाही. बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, पेल्यांकडेच पाहत राहिले. संपलं तेव्हा धिप्पाड शेतकऱ्याने लिहून आणलेला कागद उचलला, दोनदा फाडला आणि तुकडे खिशात घातले.

"सत्तावीस वर्षं गवत सांभाळता," तो म्हणाला, "आणि आम्ही काय लावतो ते ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

काका खुर्चीवर मट्कन बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले, सगळ्यांसमोर, आवाज न करता.

माणसं पांगली तेव्हा बहिणीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"खात्री आज सकाळी झाली."

"खात्री नाही विचारली, दादा. माहीत केव्हापासून?"

"बारा दिवस."

तिच्या चेहऱ्यावरचा राग एकदम गेला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. ती वळून खताच्या ढिगाकडे पाहायला लागली. ढीग निम्मा झाला होता. ती बोटांवर मोजू लागली, ओठ हलवत. शाळेचे मुख्याध्यापक. पिठाच्या गिरणीवाले. डॉक्टरीणबाई, दोन पोती. एकेक बोट मिटत गेलं.

"अकरा," ती म्हणाली. "या बारा दिवसांत अकरा पोती गेली, दादा. लोकांच्या घरी. लोकांच्या खायच्या झाडांना." ती त्यांच्याकडे वळली. "तू मला कच्चं आहे म्हणालास."

नानांनी त्याच दुपारी साहेबांना जाऊन सांगितलं. मैदानावरचं गवत आता कुठेही जाऊ देऊ नका, फाटकावर पाटी लावा, म्हणाले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मैदान उत्तम दिसतंय," ते म्हणाले. "भिंतीपलीकडचं आपल्याकडे येत नाही, नाना. आणि सामना होईपर्यंत याची वाच्यता नको." नानांनी अवजारांच्या खोलीची किल्ली खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. या वेळी जिना उतरताना आपण काय केलं ते त्यांना नीट माहीत होतं. सामना ठरल्या दिवशी झाला. वरून काढलेले फोटो सुंदर आले, असं त्यांना पुढे कुणीतरी सांगितलं.

तोवर दोघं बहीणभाऊ पोत्यांच्या मागे होते. रोज सकाळी बहीण फाटकापाशी हातगाडी घेऊन उभी असायची. नाना आले की चालायला लागायची. बोलणं कामापुरतं. "इथे वळायचं." "वरचा मजला." नाना दार वाजवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, मी माळी, मी असं असं केलं. कुणी पाणी विचारलं, कुणी दार लावून घेतलं. मुख्याध्यापकांनी शाळेच्या बागेतला वाफा मुलांसमोर उकरू दिला. एका मुलीने लावलेली मिरची गाठोड्यासारखी आखडली होती, ती "माझी आहे, माझी आहे" म्हणत रडली. डॉक्टरीणबाईंनी दोनच प्रश्न विचारले, ज्या झाडांचं आम्ही खाल्लं त्याचं काय, आणि तुमच्या कागदावर त्याबद्दल काय लिहिलंय. नानांनी कागद पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला. "याबद्दल काहीच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ कागद हातात धरून बसल्या.

आठवड्यात दहा पोती मिळाली. काही भरलेली, काही उपसून परत भरलेली. ती त्यांनी रोपवाटिकेच्या टोकाला, पत्र्याखाली, दगडी फरशीवर रचली आणि चारी बाजूंनी झाकली. तिथे ती किती वर्षं ठेवायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अकरावं मिळेना.

"एक बाई होती," बहीण आठवून सांगायची. "पहिल्यांदाच आली होती. सामानाची छोटी ढकलगाडी होती तिच्याकडे, त्यात पोतं बसवून चालत गेली. म्हणजे लांबची नसणार. गच्चीवर टोमॅटो लावायचेत, म्हणाली. घरात लहान आहे, विकतचं द्यायचं नाही, म्हणाली. मीच तिला दहा रोपं निवडून दिली. नळाजवळच्या रांगेतली. चांगली."

"नाव?"

"कशाला विचारू मी नाव?"

त्यांनी बसथांब्यावर कागद लावला. बीवाले काकांनी दुकानाच्या दारात लावला आणि येईल त्या गिऱ्हाईकाला वाचून दाखवला. कुणी आलं नाही.

मग ते गल्ल्या धुंडाळू लागले. एका रस्त्याच्या डाव्या अंगाला नाना, उजव्या अंगाला बहीण, दोघांच्या माना वर. गच्च्यांवर कपडे वाळत होते, पाण्याच्या टाक्या होत्या, तारा होत्या. कुठे कुंड्या दिसल्या की बहीण हात वर करायची आणि दोघं जिना चढायचे. कोरफड निघायची, गुलाब निघायचा. खाली उतरून पुन्हा चालायला लागायचे.

नव्या चष्म्याने नानांना आता लांबचं लख्ख दिसत होतं. त्या दिवशी पाचवी गल्ली संपत आली होती. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून एक हिरवा शेंडा डोकावत होता. झाड टोमॅटोचं आहे की नाही, आणि शेंडा वाऱ्याने वाकलाय की पिळलाय, ते खालून कळत नव्हतं. आत कुठेतरी भांडी वाजत होती, लहान मूल कशासाठी तरी हट्ट करत होतं.

"दादा," बहीण म्हणाली. पोत्यांच्या मागे लागल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांना हाक मारली होती. "जिना कुठून आहे बघ."

जिन्याच्या दाराला आतून कडी होती. नानांनी दार वाजवलं. वर भांड्यांचा आवाज थांबला. त्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी मुठीने.